सरकलेला मणका आणि झिजलेली कूर्चा

फळ्यापाशी वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या शिक्षकांना गुडघेदुखीची ओळख करून द्यायला नको. पन्नाशी उलटली की जिना चढताना गुडघे कुरकुरू लागतात. मग कोणी तेल सुचवतो, कोणी हाडवैद्याकडे नेतो, आणि अमेरिकेत राहणारा एखादा भाचा कायरोप्रॅक्टरचे नाव काढतो. 'त्याने सांधा दाबला, कट्‌ असा आवाज झाला आणि बरे वाटले,' असे तो सांगतो. हा अनुभव खोटा नसतो. पण बरे वाटले यावरून नेमके काय सिद्ध होते? या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

कॅनडात १८४५ साली जन्मलेले डॅनियल डेव्हिड पामर हे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट गावी 'चुंबकीय उपचार' करीत असत. त्यांचे कार्यालय असलेल्या इमारतीत हार्वे लिलार्ड नावाचे सफाई कामगार होते. त्यांना सतरा वर्षे नीट ऐकू येत नव्हते. सप्टेंबर १८९५ मध्ये पामर यांनी त्यांच्या पाठीचा एक उंचावलेला मणका दाबून जागेवर बसवला आणि ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी लिहून ठेवले आहे. या एका घटनेवर त्यांनी एक शास्त्रच उभे केले. ग्रीक भाषेतील 'हात' आणि 'कृती' या अर्थाच्या शब्दांवरून त्याला कायरोप्रॅक्टिक हे नाव मिळाले. १८९७ मध्ये शाळा निघाली. १९१० च्या आपल्या ग्रंथात तर पामर यांनी १०० पैकी ९५ रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असल्याचे सांगितले.

शरीररचनेचे पुस्तक उघडले की पहिली अडचण दिसते. कानाकडून निघणारी श्रवणाची नस कवटीच्या आतूनच मेंदूकडे जाते. पाठीच्या कण्यातून ती जात नाही. दुसरी अडचण योगायोगाने त्याच वर्षी जन्मली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाची हाडे पाहता येऊ लागली. १९१० मध्ये पामर यांच्या शाळेतही क्ष-किरण यंत्र आले. परंतु मणके सरकल्यामुळे इतके सारे रोग होतात, हे त्या छायाचित्रांवरून आजवर सिद्ध झालेले नाही.

डॉक्टरांचा विरोध तीव्र होता. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामर यांना तुरुंगात जावे लागले. १९६३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने भोंदू वैद्यकीविरुद्ध समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिकला रोखण्याची मोहीम चालवली. चेस्टर विल्क आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये खटला भरला. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी डॉक्टरांच्या या बहिष्काराला बेकायदा ठरवले व १९९० मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. मात्र ही पद्धत शास्त्रीय आहे की नाही, याचा निवाडा आपण करीत नसल्याचे त्यांनी स्पष्ट केले होते. बहिष्कार न्याय्य की अन्याय्य हे कोर्ट सांगू शकते. उपचार गुणकारी की नाही हे प्रयोगानेच ठरवावे लागते.

आता गुडघ्याकडे वळू. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये ते झिजते, सांध्याच्या कडेला हाड वाढते आणि आतील अस्तराला सूज येते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती जवळजवळ भरून येत नाही. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा मिळत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवले होते. पण कूर्चेत वेदना जाणणाऱ्या नसाही नसतात. दुखते ते भोवतालचे हाड, अस्तर आणि स्नायू. त्यामुळे झीज तशीच राहूनही वेदना कमी होऊ शकते.

मग तो 'कट्‌' आवाज? सांध्याची हाडे वेगाने किंचित दूर झाली की वंगणद्रवातील दाब घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. १९७१ पासून याचा अभ्यास झाला असून २०१५ मध्ये बोट मोडताना ही पोकळी चुंबकीय प्रतिमांत टिपली गेली. आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची खूण नव्हे.

हाताने केलेल्या उपचारांची परीक्षा अवघड असते, कारण कोणी आस्थेने सांधा हाताळला की एरवीही बरे वाटते. शिवाय गुडघेदुखी कमीजास्त होत असते आणि माणूस फार दुखू लागल्यावरच उपचाराला जातो. मग आपोआप आलेल्या उताराचे श्रेयही उपचाराला मिळते. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवा. २००० साली अमेरिकेतील ८३ रुग्णांवरील चाचणीत फिजिओथेरपिस्टांनी एका गटाला हाताने उपचार व व्यायाम दिला, दुसऱ्याला ध्वनिलहरींचा केवळ नावापुरता उपचार. पहिल्या गटाला स्पष्ट फायदा झाला. पण तो हातांमुळे की व्यायामामुळे? २००५ मध्ये याच संशोधकांनी १३४ रुग्णांपैकी काहींना दवाखान्यात दोन्ही उपचार आणि इतरांना फक्त घरी करण्याचा व्यायाम दिला. चार आठवड्यांनी पहिल्या गटाचा त्रास सुमारे निम्म्याने, तर दुसऱ्याचा चौथ्या हिश्श्याने घटला होता. वर्षभराने मात्र दोन्ही गट सारखेच सुधारलेले दिसले.

२०२२ मधील ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनाचा सूरही असाच आहे: गुडघा वा खुब्यासाठी हाताचे उपचार करायचे तर व्यायामासोबतच करावेत. वजनाचेही महत्त्व आहे. शरीराचे १ किलो वजन घटले तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, असे २००५ च्या एका अभ्यासात आढळले.

तेव्हा भाच्याला आपण खोटे पाडू नये. त्याला बरे वाटले हे खरे. मणका सरकला होता म्हणून बरे वाटले, हे मात्र त्यावरून ठरत नाही. पामर यांची चूक निरीक्षणात असेल वा नसेल, एका निरीक्षणावरून सर्व रोगांचे कारण काढण्यात ती नक्कीच होती. लिलार्ड यांची कथा वर्गात सांगून विद्यार्थ्यांना विचारावे: पामर यांचे म्हणणे तपासायचे तर तुम्ही काय कराल? 'दुसरा गट घेऊ' असे एखाद्याने म्हटले, की वैज्ञानिक पद्धतीचा निम्मा धडा शिकवून झाला असे समजावे.