लोबानाचं कडं

टायरचं रबर ऊनवाऱ्यात लवकर तडकू नये म्हणून त्यात घालतात ती रसायनं नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या नोसिलच्या कारखान्यात बनतात. त्यांच्या रेणूंत सहा कार्बनांची कडी असतात, बेन्झीनची. याच पट्ट्यात हर्डिलिया केमिकल्स फिनॉल बनवी. तेही याच एकेरी कड्याचं लेकरू. बेन्झीन म्हटलं की नाफ्था आणि चिमण्या आठवतात. नाव मात्र दर्ग्यातल्या धुपातून आलं आहे.

अरब व्यापारी सुमात्राच्या सुगंधी डिंकाला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. (सुमात्रालाही ते जावाच म्हणत, त्यामुळे पत्ता पहिल्यापासूनच चुकलेला.) युरोपात पोचेपर्यंत यातला ‘लु’ गळाला आणि ‘बेंजुई’ उरलं. का गळाला? रोमान्स भाषांत नामाआधी ‘लो’, ‘ला’ लागतात. तसलंच काही समजून लोकांनी तो सोडला असावा. इंग्रजांनी तर या डिंकाचं ‘गम बेंजामिन’ करून टाकलं. पण बेंजामिन नावाच्या कुणाशी याचं नातं जोडू पाहणाऱ्याला जावा कुठे बसवायचा, हे सांगता येणार नाही.

आणि साक्षीदार तर खाडीपलीकडचाच! गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. पुढे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. तिथल्या आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवलंय. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात बेंजुईवर स्वतंत्र संवाद आहे. मुसलमान व्यापारी याला ‘लोवान जावी’ म्हणतात, असं तो तिथे सांगतो. एवढ्या जवळचा पुरावा असताना दुसरी व्युत्पत्ती हवीच कशाला?

पुढचं भराभर. या डिंकातून बेन्झॉइक आम्ल मिळालं. 1825 मध्ये फॅरेडेने दिव्याच्या वायूच्या तेलकट गाळातून बेन्झीन वेगळं केलं, पण त्याने दिलेलं लांबलचक नाव टिकलं नाही. 1833 मध्ये मिट्शरलिखने तेच द्रव्य बेन्झॉइक आम्ल चुन्याबरोबर तापवून काढलं आणि ‘बेन्झिन’ म्हटलं. कड्याची कल्पना केकुलेने 1865 मध्ये मांडली. ती सापाच्या स्वप्नातून सुचल्याची गोष्ट त्याने सांगितली ती 25 वर्षांनी, सत्कारसमारंभात. ती जपूनच घ्यावी.

लोबानाला एकच तगडा प्रतिस्पर्धी भेटला. फ्रेंच रसायनज्ञ लोराँने, द्रव्य दिव्याच्या वायूत सापडलं म्हणून, उजेडाच्या ग्रीक शब्दावरून ‘फेन’ हे नाव सुचवलं. बेन्झीनवर ते चिकटलं नाही. पण हर्डिलियाच्या फिनॉलमध्ये आणि आपल्या मोरीतल्या फिनाइलच्या बाटलीवर आहे ते लोराँचंच नाव.