रेड हूक : शेजारधर्म आणि हक्क

न्यू यॉर्क बंदरात शिरलेले ब्रुकलिनचे एक टोक म्हणजे रेड हूक. सतराव्या शतकातील डच वसाहतकारांनी तांबडी माती व भूमीचा आकार पाहून हे नाव दिले. १९३८-३९ मध्ये येथे गोदी कामगारांसाठी सरकारी घरांची मोठी वसाहत उभी राहिली. पुढे रुंद महामार्गाने हा भाग उर्वरित ब्रुकलिनपासून तोडला आणि गोदीचे बहुतेक काम न्यू जर्सीकडे गेले. वसाहतीच्या वाट्यास गरिबी आली. हे पूर्ववृत्त आम्ही मुद्दाम सांगतो. कारण वादळ एका रात्रीचे असले, तरी ज्या दुबळेपणावर ते घाला घालते तो पुष्कळ वर्षे साठत आलेला असतो.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री 'सँडी' वादळाने समुद्र शहरात लोटला. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाशी पाण्याची पातळी सुमारे १४ फुटांवर गेली. रेड हूकच्या तळघरांतील विजेची व घर तापविण्याची यंत्रे खाऱ्या पाण्यात बुडाली. सहा हजारांहून अधिक वस्तीच्या या घरांपैकी अनेकांत दोन आठवड्यांहून अधिक काळ वीज वा ऊब नव्हती. लिफ्ट थांबल्याने वृद्ध व रुग्ण वरच्या मजल्यांवर अडकले.

'रेड हूक इनिशिएटिव्ह' ही २००२ पासून स्थानिक तरुणांत काम करणारी संस्था. तिच्या इमारतीतील वीज सुदैवाने टिकली होती. वादळ ओसरताच तिने दारे उघडली. तेथे गरम जेवण मिळू लागले, फोन भारित होऊ लागले, आणि स्वयंसेवक काळोखे जिने चढून अडकलेल्यांपर्यंत अन्न व औषधे नेऊ लागले. २०११ च्या वॉल स्ट्रीटवरील आंदोलनातील कार्यकर्तेही 'ऑक्युपाय सँडी' या नावाने शहरभर मदतीस धावले. विवाहाच्या आहेराची यादी नोंदविण्याची जी सोय दुकानदार ठेवतात, तिच्यातच त्यांनी पंप व कांबळी यांची मागणी नोंदविली! हे दान नव्हे, परस्परसाह्य आहे, असे ते म्हणत.

परंतु शेजाऱ्याच्या भांड्यातील अन्नाने पोट भरते, तळघरातील यंत्र दुरुस्त होत नाही. अंधारात काढलेल्या दिवसांचे भाडे का द्यावे, असा रोकडा प्रश्न भाडेकरूंनी विचारला. न्यू यॉर्क राज्याच्या १९७५ च्या कायद्याने प्रत्येक निवासी भाडेकरारात घर राहण्यायोग्य राखण्याची हमी गृहीत धरली आहे. भाडेकरूने ती लिहून सोडली तरी ते लिखाण निरर्थक ठरते. अखेर गृहनिर्माण प्राधिकरणाने भाड्यात सूट जाहीर केली. ती कृपा नव्हती, देणे होते. शहरातील अशा वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी २०१५ साली केंद्र सरकारचे सुमारे ३ अब्ज डॉलर मंजूर झाले. तरी दशक उलटले तेव्हाही रेड हूकचे काम पुरे झालेले नव्हते.

२०२० चे 'निसर्ग' व २०२१ चे 'तौक्ते' ही वादळे अनुभवलेल्या आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस शेजारधर्म शिकविण्याची गरज नाही. मात्र शेजारी धावून आले म्हणून सरकारचे कर्तव्य संपत नाही, एवढे रेड हूककडून ध्यानी घ्यावे. पहिल्या रात्री उघडे दार हवे. त्यानंतरच्या दहा वर्षांसाठी हक्काची जाण हवी.