उपग्रहाला दिसणारा धूर आणि न दिसणारा वणवा

मार्च २०२३ मध्ये सत्तरीतील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदल व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन आली. डोंगराळ रानात आग नेमकी कोठे आहे, हे पायथ्यावरून सहजी उमगत नाही. धूर वाऱ्याबरोबर सरकून भलत्याच खोऱ्यात उतरतो. अशा वेळी उपग्रहांचा आधार घेतला जातो. मात्र आग, धूर आणि धूळ या तिन्ही गोष्टी उपग्रह निरनिराळ्या रीतींनी ओळखतात.

आग ओळखली जाते ती उष्णतेवरून. सुमारे ४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत पेटलेली जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी प्रखर भासते. टेरा व अक्वा उपग्रहांवरील ‘मोडिस’ हे उपकरण अशा जागा १ किलोमीटरच्या चौकटीत टिपते, तर ‘व्हिअर्स’ हे त्यानंतरचे उपकरण ३७५ मीटरच्या चौकटीत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे राज्यांच्या वन खात्यांना इशारे पाठवीत आली आहे. नकाशावरचा लाल ठिपका हा चौकटीचा मध्य असतो. आग त्या चौकटीत कोठेही असू शकते.

धुराचे कण बहुधा १ मायक्रोमीटरहूनही लहान असतात. ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून दिवसाच्या छायाचित्रात धूर निळसर करड्या पट्ट्यासारखा दिसतो. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त चित्रात मात्र तो जवळजवळ पारदर्शक ठरतो.

धुळीचे तसे नाही. वाळवंटावर ती साध्या छायाचित्रात खालच्या मातीत मिसळून जाते. पण ११ व १२ मायक्रोमीटरच्या मोजमापांतील फरक तिला उघडे पाडतो, कारण विरळ ढगांत हा फरक नेमका उलट असतो. त्यामुळे धुळीचा माग रात्रीही काढता येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून उठलेली धूळ अरबी समुद्रावरून मुंबईपर्यंत पोहोचली आणि शहर धुरकटले. असा प्रवास अखंड पाहण्यास सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून एकाच भूभागाकडे रोखून पाहणारे इन्सॅट मालिकेतील भूस्थिर उपग्रह सोयीचे पडतात. ते दर अर्ध्या तासाला चित्र देतात. ध्रुवीय कक्षेतील एखादा उपग्रह आपल्या भागावरून दिवसात साधारण दोनदाच जातो.

यातली खरी अडचण उंचीची. छायाचित्र हवेच्या संपूर्ण थराची बेरीज दाखवते. दाट दिसणारा धूर दोन-तीन किलोमीटर उंचावरून निघून जात असेल, तर खालच्या गावात श्वास मोकळा राहतो. उलट विरळ भासणारा धूर जमिनीलगत साचला, तर दम्याच्या रुग्णाचे हाल होतात. लेझर किरणांनी ही उंची मोजणाऱ्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाचे काम २०२३ मध्ये थांबले. तेव्हा जमिनीवरील हवा-मापन केंद्रांची जोड लागतेच.

सह्याद्रीतल्या आगी पुष्कळदा शेंड्यांवर न चढता पालापाचोळ्यातून सरपटत जातात. वर झाडांचे छत, त्यावर ढग आले की उपग्रहाची वाट अडते. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात लागून विझलेली आग तर नोंदलीच जात नाही. नकाशावर ठिपका नाही म्हणून त्या रानात वणवा नाही, असे वन खात्याला धरून चालता येत नाही.