मोलचे रेणुसंख्येत रूपांतर

मोल हे पदार्थाच्या राशीचे एकक आहे. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलात ६.०२२ × १० चा २३ वा घात इतके कण असतात. या संख्येला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. मोलच्या आकड्याला या अंकाने गुणले की रेणूंची संख्या मिळते, आणि रेणूंच्या संख्येला त्यानेच भागले की मोल मिळतात.

अंक किती मोठा आहे ते आपल्या जुन्या संख्यानामांनी चांगले कळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील दशमान नावांची मालिका परार्धावर, म्हणजे १० च्या १७ व्या घातावर थांबते. एका मोलातले कण त्या मापाने सुमारे ६० लाख २२ हजार परार्ध भरतात.

चमचाभर साखर घ्या, ५ ग्रॅम. साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात, रेणुवस्तुमान ३४२, म्हणजे एका मोलाचे वस्तुमान ३४२ ग्रॅम. ५ ला ३४२ ने भागले की ०.०१४६ मोल येतात. त्यांना ॲव्होगॅड्रो अंकाने गुणले की सुमारे ८.८ × १० चा २१ वा घात, म्हणजे ८८ हजार परार्ध रेणू. अणू हवे असतील तर याची ४५ पट करावी. या गणितात विद्यार्थी चुकू शकतात: मोल न काढता ग्रॅमच थेट गुणून मोकळे होतात.

इटलीतील ट्युरिनच्या आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडले की तापमान व दाब सारखे असता वायूंच्या समान आकारमानात रेणूही समान असतात. हा अंक मात्र त्यांनी काढलेला नाही. रेणूच्या आकाराचा पहिला भरवशाचा अंदाज १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी दिला; अंकाला ॲव्होगॅड्रोंचे नाव १९०९ मध्ये झां पेरँ यांनी दिले. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवरून मोल ठरत असे. २० मे २०१९ पासून अंकच ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात असा कायम केला आहे. आता तो मोजायचा उरलेला नाही.

गुणण्यापूर्वी कण कोणता ते ठरवावे लागते. एक मोल ऑक्सिजन वायूत रेणू एक मोल, पण अणू दोन मोल असतात. मिठात तर सुटे रेणूच नसतात. सोडिअम आणि क्लोराइड आयनांची ती सलग जाळी असते, म्हणून तिथे रेणूंऐवजी सूत्र-एकके मोजतात.