कावसजीचे नाक

नाक कापणे हा आपल्या भाषेत अब्रूचा शब्द आहे. इतिहासात मात्र तो पुष्कळदा शब्दशः खरा झालेला आहे. कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याची चाकरी करीत होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. भांडण राज्यकर्त्यांचे, अवयव गेले बैल हाकणाऱ्याचे! कंपनी सरकारने त्याला पेन्शन दिली. पण पेन्शनीने नाक थोडेच येते?

सुमारे बारा महिने तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. रीत अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करावयाचा, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ आखावयाची आणि तेवढी कातडी सोडवावयाची, मात्र दोन डोळ्यांमधला चिंचोळा दुवा तोडावयाचा नाही. त्यातून रक्त खेळते, म्हणून कातडी जिवंत राहते. ती फिरवून खाली आणावयाची व नाकाच्या खुंटाभोवती चीर पाडून तीत बसवावयाची. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपाच्या घड्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी दुवा कापावयाचा.

ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये कावसजीच्या चित्रासह छापून आली. तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने 1814 साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली व 1816 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे ही रीत ‘भारतीय पद्धत’ म्हणून जगभर गेली.

सुश्रुतसंहितेत ही विद्या आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेच आहे. परंतु तेथे कातडी गालाची आहे. पुण्याजवळ ती कपाळाची घेतली गेली. मधल्या शतकांत ही विद्या कोणी तरी हातांत जपली, एवढेच नव्हे, तर बदललीही.

कार्प्यूचे नाव राहिले, रुग्णाचेही राहिले. ज्याने नाक केले, त्याची त्या वृत्तांतात केवळ जात आहे. आपल्या या नव्या मुंबईतील कोनशिला पाहा : नावे पुष्कळ असतात, विटा पाडणाऱ्याचे तेवढे नसते.