फ्रँचायझी घेताय? मग माल कुठून घ्यावा लागेल ते आधी बघा

'फ्रँचायझी घ्या, घरबसल्या कमवा' अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात जे सांगत नाहीत, ते मी आज सांगतो.

माल कुणाकडून घ्यायचा?
दुकान आपलं असलं तरी माल आपल्या मर्जीचा नसतो. कच्चा माल, पॅकिंग, मशीन, बिलिंगचं सॉफ्टवेअर हे बहुतेक वेळा ब्रँडकडून किंवा त्याने मंजूर केलेल्या सप्लायरकडूनच घ्यावं लागतं. त्यामुळे चव सगळीकडे सारखी राहते, आणि एकत्र खरेदीत भावही कमी मिळू शकतो.

मग अडचण कुठे?
अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सचं उदाहरण घ्या. तिथलं टेलर कंपनीचं आइस्क्रीम मशीन अडकलं की अधिकृत टेक्निशियनची वाट बघत बसावं लागायचं. किच नावाच्या स्टार्टअपने मशीनमधला बिघाड फोनवर दाखवणारं छोटं यंत्र काढलं. २०२० मध्ये मॅकडोनाल्ड्सने सुरक्षिततेचं कारण देत दुकानदारांना ते काढून टाकायला सांगितलं. पुढे २०२४ मध्ये अशा मशीनच्या दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरचं लॉक उघडायला तिथे कायदेशीर सूट मिळाली.

सही करण्याआधी काय विचाराल?
अमेरिकेत सप्लायरच्या अटी करारापूर्वी किमान १४ दिवस लेखी द्याव्या लागतात. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिलंय तेच खरं. म्हणून हे विचाराच:

- बाहेरून काय घेता येईल?
- भाव कोण ठरवणार, कधी वाढवणार?
- सप्लायरकडून ब्रँडला कमिशन मिळतं का?
- माल उशिरा आला तर नुकसान कुणाचं?

उत्तरं तोंडी नको, करारात लिहून घ्या.