क्लॅरिनेटचे बॅरल

क्लॅरिनेट हे वाद्य पाच तुकड्यांचे असते. ओठांत धरावयाचे माउथपीस, त्याखालचे बॅरल, वरचा व खालचा असे दोन सांधे आणि शेवटी कर्णा. या पाचांत बॅरल सर्वांत साधे. त्यावर ना छिद्र, ना चावी. जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांबीची आणि दोन्ही टोकांना कडी बसविलेली ती एक लाकडी नळी असते. बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथवर रोज जी सूक्ष्म कामे होतात, त्यांच्या मानाने अशी नळी कातणे किरकोळच म्हणावे लागेल. परंतु ती किती लांब कातावयाची, या प्रश्नाचे उत्तर लेथपाशी मिळत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

इ. स. १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी योहान क्रिस्टोफ डेनर याने या वाद्याला आकार दिला असे मानतात. त्या काळी माउथपीस व बॅरल हा एकच तुकडा असे. पुढे ते वेगळे झाले, आणि या फुटीतच त्याचे महत्त्व आहे. युरोपात प्रत्येक शहराचा सूर निराळा होता. सारे वाद्य बदलण्यापेक्षा एक आखूड तुकडा बदलून सूर जुळविणे सोयीचे होते.

हिंदुस्थानात हे वाद्य लष्करी बँडबरोबर आले. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड बाळगला होता, आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्त्य स्वरलेखनाची हस्तलिखिते आजही आहेत. मोडी दफ्तराच्या शेजारी पाच रेघांचे स्वरलेखन नांदावे, हे त्या मराठी दरबाराचे वैशिष्ट्य होय. पुढे एकोणिसाव्या शतकात महादेव नट्टुवनार यांनी क्लॅरिनेट नृत्याच्या साथीत आणले, अशी तिकडची परंपरा आहे. विसाव्या शतकात ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर कर्नाटक संगीताची मैफल उभी केली आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रायचूरच्या पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी त्याच वाद्यातून हिंदुस्थानी राग गायिले. बंगळूरला तर १८०९ पासून इंग्रजांची छावणी होती, आणि छावणी म्हटली की बँड आलाच.

या लष्करी वारशाबरोबर एक अडचणही आली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सूर चढत चढत मध्य सप्तकातील ए हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांपर्यंत गेला. मैफलीच्या वाद्यवृंदांनी १८९६ च्या सुमारास तो ४३९ वर उतरविला; लष्करी बँड मात्र १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या सुरालाच चिकटून राहिले. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० हा आंतरराष्ट्रीय सूर ठरला. जुन्या चढ्या सुराची वाद्ये मात्र काही एका दिवसात नाहीशी झाली नाहीत. सारा ताफा चढ्या सुराचा असेल तर लग्नाच्या वरातीत कोणाचे काही बिघडत नाही. तेच वाद्य हार्मोनियमशेजारी ठेवले, की कान टवकारतात. तंबोऱ्याची तार पिळून सूर बदलता येतो. हार्मोनियमच्या पितळी पट्ट्या मैफलीत बदलता येत नाहीत. तडजोड क्लॅरिनेटनेच करावयाची असते, आणि ती करण्याची जागा म्हणजे बॅरल.

अशा वेळी लांब बॅरल लावले म्हणजे काम झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. हिशेब तसे सांगत नाही. काळी पाच सुराच्या, म्हणजे बी-फ्लॅट, क्लॅरिनेटमध्ये अगदी खालच्या स्वरासाठी सुमारे ५८ सेंटिमीटरचा हवेचा स्तंभ कंप पावतो. गळ्यातल्या, म्हणजे वरच्या सांध्यातल्या स्वराला मात्र तो सुमारे २० सेंटिमीटरच असतो. दोन कोसांच्या वाटेत दहा पावले वाढली तर कळत नाहीत, अंगणात मात्र ती लगेच जाणवतात. त्याचप्रमाणे बॅरल एक मिलिमीटर लांब केल्यास खालचा स्वर अर्धस्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे तीन भाग उतरतो आणि गळ्यातला सुमारे आठ. चढ्या सुराचे वाद्य ४४० वर आणावयाचे तर खालच्या स्वराला सुमारे सोळा मिलिमीटर वाढ हवी, गळ्यातल्याला सहाच पुरे. एकच बॅरल दोघांचे समाधान कसे करणार? म्हणूनच जुन्या रेजिमेंटच्या वाद्याला लांब नळी जोडून सुरात आणण्याचा खटाटोप बहुधा वाया जातो. उलट चांगल्या वाद्याला एक-दोन मिलिमीटरांचा फेर फार उपयोगी पडतो. नेहमीची बॅरले ६४ ते ६७ मिलिमीटरांची असतात ती यासाठीच.

हवामानाचाही येथे संबंध आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की फुंकवाद्याचा सूर शंभरांपैकी सुमारे तीन भाग चढतो. थंड देशातल्या हवेसाठी बेतलेले वाद्य वैशाखातल्या मांडवात चढे बोलते, आणि तेथे ६६ किंवा ६७ चे बॅरल कामी येते. वाजविणाऱ्याचा उष्ण, ओलसर श्वास माउथपीसमागून प्रथम बॅरललाच भेटतो. त्यामुळे लाकूड फुगते, सांधा अडकतो, कोरड्या दिवसांत कडी ढिली होते आणि कधी तडाही जातो. हे लाकूड आफ्रिकेतील काळ्या शिसवीचे, म्हणजे आपल्या शिसवीच्याच डाल्बर्जिया कुळातले असते. २०१७ पासून या साऱ्या कुळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले; तयार वाद्ये व त्यांचे भाग यांना २०१९ साली सूट मिळाली. एबोनाइटचे बॅरल फुगत नाही, तडकत नाही. दमट कोकणात तो गुण लहान नव्हे.

आता पुन्हा लेथकडे. पीण्याशेजारच्या जलहळ्ळीत १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला, आणि देशी लेथ घडविण्याचे मोठे काम तेथे सुरू झाले. म्हैसूरच्या वाटेवर चन्नपट्टणला खेळणी कातणारे कातारी त्याहून जुने. यंत्राची अचूकता आणि लाकडाची जाण, दोन्ही या प्रदेशाला परकी नाहीत. पण येथे मापाचा प्रश्न नळीच्या बाहेरच्या अंगापेक्षा आतल्या पोकळीत अधिक असतो. पोकळी सुमारे १५ मिलिमीटरांची. ती खाली जाताना किंचित निमुळती ठेवली तर वरच्या सप्तकाचे नाते बदलते. फिलाडेल्फियाचे हान्स मेनिग अशा बॅरलांसाठीच नावाजले होते. म्हणून निवड करताना क्रम असा असावा: वाद्य दहा मिनिटे फुंकून तापवावे, मग जुन्या बॅरलची लांबी व पोकळी मोजावी, खालचा, गळ्यातला व वरच्या सप्तकातला स्वर हार्मोनियमशी ताडून पाहावा, आणि तिन्ही एकाच दिशेने चुकत असतील तरच लांबी बदलावी. नवे बॅरल थोडे लांबच घ्यावे. लांब नळी आखूड करता येते, आखूड नळी लांब करता येत नाही. सांध्यातून थोडे बाहेर ओढून तात्पुरते भागते खरे, पण मध्ये पडलेली खाच सुराला बोलू देत नाही.

सरफोजींच्या दरबारातील बँडवाल्यापासून आजच्या वादकापर्यंत प्रश्न एकच राहिला आहे: परक्या सुरात घडलेल्या वाद्याने येथल्या षड्जाशी कसे जुळावे? या प्रश्नाचे उत्तर शेवटी दोन-तीन मिलिमीटरांच्या लाकडात येऊन ठेपते. ते मोजावयाचे काम यंत्राचे. ते ठीक की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र कानाचा.